डोक्यास बसलेले हादरे आणि त्यानंतरचें आयुष्य

(नभोवाणीवरील भाषण)

पडल्याझडल्यावांचून मूल मोठें होत नाहीं, ही आपल्या घरोघरची जुनी समजूत आहे, आणि गुडघे व कोपर यांच्यापुरती ती खरीहि आहे. खरचटलेल्या गुडघ्यावर खपली धरते. मोडलेलें हाड कांहीं आठवडे प्लॅस्टरांत ठेवलें म्हणजे सांधतें. आणि पुढें त्या हाडाची आठवण पावसाळी हवेंतल्या ठणक्यापुरतीच उरते. म्हणून मैदानावरून आलेला मुलगा 'डोक्याला थोडेंसें लागलें' असें म्हणाला, तर आपण त्याच्या केंसांतून हात फिरवून टेंगूळ आलें आहे काय तें पाहतों. टेंगूळ नसलें तर निश्चिंत होतों, आणि असलें तर त्यावर हळद लावून निश्चिंत होतों. बाहेरील टेंगळाचा आणि आंतील मेंदूच्या स्थितीचा फारसा संबंध नसतो, ही गोष्ट मात्र कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

आज ज्या दुखण्याविषयीं मी बोलणार आहें, तें मोठ्या अपघाताचें दुखणें नव्हे. शाळा-कॉलेजच्या वयांत खेळतांना डोक्यास एकदां हादरा बसला, मग दुसऱ्यांदां, मग चौथ्यांदां. प्रत्येक वेळीं खेळाडू अंग झटकून उभा राहिला आणि पुन्हां खेळूं लागला. आणि पुढें डोकेदुखी, विसराळूपणा, चिडखोर स्वभाव, उजेड व गोंगाट न सोसणें आणि न संपणारा थकवा हे त्याच्या आयुष्याचे सोबती होऊन बसले. अशा तरुणांविषयीं आणि त्यांच्या घरच्या मंडळींविषयीं हें भाषण आहे. इंग्रजींत या हादऱ्यास 'कंकशन' म्हणतात. 'मेंदूचा हादरा' हे आपले दोन शब्द मला त्यासाठीं पुरेसे वाटतात.

प्रथम आंत काय घडतें तें पाहूं. प्रौढ माणसाचा मेंदू सुमारें १३०० ते १४०० ग्रॅम वजनाचा असतो व कवटीच्या आंत एका पातळ द्रवांत तो तरंगत राहतो. नारळ सुकला म्हणजे आंतला खोबऱ्याचा गोटा सुटतो आणि नारळ हालविला कीं तो खुळखुळतो, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. उपमा एवढ्यापुरतीच घ्यावयाची; कारण गोटा कठीण असतो आणि मेंदू खरवसासारखा मऊ. वेगानें जाणारें डोकें एकाएकीं थांबलें, किंवा धडकेनें गरकन् वळलें, म्हणजे कवटी थांबते, परंतु आंतील मऊ गोळा आणखी क्षणभर फिरत राहतो आणि पिळवटला जातो. सरळ धक्क्यापेक्षां हा पीळ अधिक बाधक. त्यांत मेंदूंतील लांबलचक तंतु ताणले जातात. छातीवर जोराची धडक बसून मान झटक्यासरशी मागें गेली, तर डोक्यास कशाचा स्पर्शहि न होतां हादरा बसूं शकतो, तो यामुळेंच.

हे तंतु बहुधा तुटत नाहींत. परंतु ताणामुळें त्यांच्या आवरणांतील बारीक द्वारें अवेळीं उघडतात. आंतलें पोटॅशियम बाहेर पडतें आणि बाहेरचें कॅल्शियम आंत शिरतें. ही उलथापालथ निस्तरून सर्व कांहीं पूर्वपदावर आणावयाचें, तर मेंदूच्या पेशींना नेहमींपेक्षां पुष्कळ अधिक साखर जाळावी लागते. आणि नेमका त्याच वेळीं मेंदूचा रक्तपुरवठा मंदावलेला असतो. खर्च वाढला आणि आवक आटली. दुष्काळांत तेरावा महिना म्हणतात तो हाच. सी. टी. स्कॅनमध्यें रक्तस्राव दिसतो, हाडाची भेग दिसते. पेशींच्या घरांतला हा जमाखर्च त्यांत दिसत नाहीं. तेव्हां 'रिपोर्ट नॉर्मल आहे' याचा अर्थ रक्तस्राव नाहीं इतकाच करावयाचा. हादरा बसलेला नाहीं, असा अर्थ त्यांतून निघत नाहीं. तीच गोष्ट बेशुद्धीची. खेळांतील हादऱ्यांपैकीं शेंकडा दहांहून कमी प्रसंगींच खेळाडूची शुद्ध हरपते. म्हणून 'तो कांहीं बेशुद्ध पडला नव्हता' हें वाक्य जितक्या वेळां धीर देण्यासाठीं उच्चारलें जातें, तितक्या वेळां तें निरर्थक असतें.

शिरस्त्राण घातलेलें असतांना काळजी कशाची, असें कोणी विचारील. शिरस्त्राण कवटी फुटूं देत नाहीं आणि त्याबद्दल त्याचे उपकार थोर आहेत. १९६२ सालीं बार्बाडोस येथें चेंडू लागून नरी कॉन्ट्रॅक्टर यांची कवटी फुटली, त्या काळीं फलंदाजांत शिरस्त्राणाची चाल नव्हती. परंतु कवटीच्या आंत मेंदूनें फिरावें कीं न फिरावें, हें शिरस्त्राणाच्या हातीं नाहीं. अमेरिकेंत फुटबॉल या नांवानें जो खेळ चालतो, त्यांत खेळाडू जाडजूड शिरस्त्राण घालतात, आणि तें घातलें आहे या भरंवशावर डोकें पुढें करून एकमेकांस धडका देतात. संरक्षणाचें साधन हल्ल्याचें हत्यार कसें बनतें, याचें याहून बोलकें उदाहरण मला ठाऊक नाहीं.

एकच हादरा असेल आणि त्यानंतर पुरेशी सवड मिळाली असेल, तर मेंदू हा हिशेब बहुधा आपला आपणच मिटवितो. प्रौढांस साधारणतः दोन आठवडे लागतात, वाढत्या वयाच्या मुलांस चार आठवड्यांपर्यंत. धोका आहे तो पहिला हिशेब मिटण्यापूर्वीं बसणाऱ्या दुसऱ्या हादऱ्याचा. कॅनडाच्या ओटावा शहरांत रोवन स्ट्रिंगर ही १७ वर्षांची मुलगी आपल्या शाळेच्या रग्बी संघाची कर्णधार होती. मे २०१३ मध्यें आठवड्याच्या आंत तिच्या डोक्यास पुन्हां पुन्हां मार बसला. आपणांस हादरा बसला असावा अशी शंका तिला आली होती. तिनें इंटरनेटवर त्याची माहिती शोधली, मैत्रिणींस तसे संदेशहि पाठविले. परंतु ही शंका तिच्या प्रशिक्षकापर्यंत पोंचली नाहीं. पुढच्या सामन्यांत ती डोक्यावर आदळली आणि थोड्याच दिवसांत वारली. २०१८ सालीं ऑन्टॅरिओ प्रांतानें तिच्या नांवानें कायदा केला.

त्यापूर्वीं, २००६ सालीं, अमेरिकेंतील वॉशिंग्टन राज्यांत झॅकरी लिस्टेड या १३ वर्षांच्या मुलास पहिल्या हादऱ्यानंतर त्याच सामन्यांत पुन्हां मैदानांत उतरविण्यांत आलें. मेंदूंत रक्तस्राव होऊन तो जन्माचा अपंग झाला. कित्येक महिने त्याच्या तोंडून शब्दहि फुटला नाहीं. २००९ सालीं त्या राज्यानें केलेला कायदा त्याच्या नांवानें ओळखला जातो, आणि २०१४ पर्यंत अमेरिकेच्या सर्व ५० राज्यांनीं तशाच प्रकारचे कायदे केले. त्यांचें सार साधें आहे: हादऱ्याची शंका आली कीं त्या दिवसापुरता खेळ बंद, आणि वैद्यकीय परवानगीवांचून पुन्हां मैदान नाहीं.

दुसऱ्या हादऱ्यानें मृत्यु येणें ही सुदैवानें विरळा घडणारी गोष्ट आहे. विरळा नाहीं तो प्रकार निराळा. प्रत्येक नव्या हादऱ्यागणिक बरें होण्यास अधिक दिवस लागतात, आणि पूर्वींपेक्षां हलका धक्काहि बाधूं लागतो. ऑस्ट्रेलियाचा फलंदाज विल पुकोव्स्की याचें नांव क्रिकेटच्या भोक्त्यांस आठवत असेल. जानेवारी २०२१ मध्यें सिडनी येथें भारताविरुद्ध तो आपला पहिला कसोटी सामना खेळला आणि पहिल्याच डावांत त्यानें ६२ धावा काढल्या. त्याच्या आदल्याच महिन्यांत भारताच्या दुय्यम संघाविरुद्ध खेळतांना कार्तिक त्यागीचा चेंडू त्याच्या शिरस्त्राणावर आदळला होता. परंतु कथेचा आरंभ क्रिकेटमध्यें नव्हताच. शाळेंत असतांना फुटबॉल खेळत असतां कोणाचा तरी गुडघा त्याच्या डोक्यास लागला, तो पहिला हादरा. पुढें अशा हादऱ्यांची संख्या दहावर गेली. मार्च २०२४ मध्यें एका चेंडूनें पुन्हां त्याच्या शिरस्त्राणाचा वेध घेतला, आणि एप्रिल २०२५ मध्यें, वयाच्या २७ व्या वर्षीं, यापुढें कोणत्याहि पायरीवरचें क्रिकेट आपण खेळणार नाहीं, असें त्यानें जाहीर केलें. ज्याच्याकडे पुढील दहा वर्षांचा सलामीचा फलंदाज म्हणून सारे पाहत होते, त्याच्या नांवावर एकच कसोटी सामना राहिला.

ही घोषणा त्यानें नभोवाणीवरील एका मुलाखतींतच केली. तींत त्यानें आपल्या दिवसांचें जें वर्णन केलें, तें मला त्याच्या धावांहून अधिक महत्त्वाचें वाटतें. शेवटच्या हादऱ्यानंतर कित्येक महिने घरांतल्या घरांत वावरणेंहि त्यास जड जात होतें. झोंप पुष्कळ, तरी थकवा जात नाहीं. डोकें दुखतें. डाव्या बाजूस कांहीं हाललें तर मळमळूं लागतें. घरकामास आपला हातभार लागत नाहीं म्हणून घरीं कुरबुर होई, हेंहि त्यानें मोकळेपणानें सांगितलें. नामांकित खेळाडू, हाताशीं उत्तम डॉक्टर, आणि प्रत्येक हादऱ्याची लेखी नोंद. एवढें असून त्याची ही स्थिति. ज्याची नोंद कोणीं ठेवली नाहीं, अशा एखाद्या कॉलेजांतल्या मुलाची काय कथा?

अशा मुलाचा दिवस कसा जातो, तें घरच्या मंडळींनीं समजून घ्यावयास हवें. निरोगी मेंदू गाळणीसारखें काम करीत असतो. स्वयंपाकघरांत कुकरची शिटी होते, वर पंखा घरघरतो, बाहेर फेरीवाला ओरडतो, आणि तरीहि आपण समोरच्या माणसाचें बोलणें ऐकतों. कारण बाकीचें सारें मेंदू आपल्याला न विचारतां गाळून टाकतो. हादऱ्यांनीं शिणलेल्या मेंदूची ही गाळणी फाटते. सारें कांहीं सारख्याच जोरानें आंत येतें. लग्नाच्या मांडवांत अर्धा तास बसणें म्हणजे त्यास दिवसभर दगड फोडण्यासारखें होतें. वाचावयास बसावें, तर दोन्ही डोळे एका ओळीवर नीट जुळत नाहींत. ओळ सुटते, अक्षरें सरकतात, आणि पानाच्या तळाशीं येईपर्यंत वरचें कांहींच ध्यानांत राहत नाहीं. याला विसराळूपणा म्हणावयाचें खरें. पण पुष्कळदां दोष आठवणीचा नसून लक्षाचा असतो. जें आंत नीट शिरलेंच नाहीं, तें आठवणार कोठून?

आणि हें सारें बाहेरून दिसत नाहीं. हात गळ्यांत बांधलेला असला तर बसमध्यें लोक उठून जागा देतात. मेंदू शिणलेल्या मुलाच्या अंगावर तसें कांहींच चिन्ह नसतें. त्याचा चेहरा टवटवीत असतो. सकाळीं तो हंसूनखेळून असतो आणि संध्याकाळीं दार लावून अंधारांत पडतो. साहजिकच घरांत शब्द उमटतात: आळशी झाला आहे, परीक्षा आली म्हणून सोंग करतो, मोबाईल पाहतांना बरें डोकें दुखत नाहीं! यांतील शेवटच्या वाक्यांत तथ्य असतें, नाहीं असें नाहीं. पण एकंदरींत या अविश्वासाचा घाव मूळच्या हादऱ्याइतकाच खोल जातो. कारण त्याच सुमारास त्याचा संघ सुटलेला असतो, मैदानावरचे मित्र पांगलेले असतात, आणि 'मी कोण' या प्रश्नाला जें एकच उत्तर त्याजजवळ होतें, तेंहि नाहींसें झालेलें असतें. विद्यार्थिनींच्या बाबतींत आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवावी. त्याच खेळांत मुलींना हादरे बसल्याची नोंद मुलांपेक्षां अधिक प्रमाणांत होते आणि बरें होण्यास त्यांस अधिक काळ लागतो, असें अनेक ठिकाणच्या पाहणींत आढळलें आहे. आपल्याकडे मात्र मुलीची डोकेदुखी हा अजूनहि अर्धवट थट्टेचा विषय असतो.

येथें भीतीचा प्रश्न येतो, आणि तो टाळून चालणार नाहीं. १९२८ सालीं हॅरिसन मार्टलंड या अमेरिकन वैद्यकीय परीक्षकानें मुष्टियोद्ध्यांच्या एका दुखण्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. वर्षानुवर्षें डोक्यावर ठोसे खाल्लेले हे लोक दारू न पितांहि झिंगल्यासारखे चालत, बोलतांना अडखळत आणि पुढें त्यांची बुद्धि क्षीण होई. हें दुखणें मुष्टियुद्धापुरतेंच आहे, अशी समजूत नंतर दीर्घकाळ राहिली. २००२ सालीं अमेरिकन फुटबॉलचा विख्यात खेळाडू माइक वेब्स्टर वारला. पिट्सबर्ग येथें डॉ. बेनेट ओमालू यांनीं त्याचा मेंदू तपासला, आणि टाऊ नांवाच्या प्रथिनाच्या गांठी मेंदूंत सांचलेल्या त्यांस आढळल्या. हा शोध २००५ सालीं प्रसिद्ध झाला. या विकाराचें लांबलचक नांव क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपथी. लोक त्यास सी. टी. ई. म्हणतात. एखादा मोठा हादराच त्यास कारण होतो असें नाहीं. ज्यांची कोणी दखलहि घेतली नाहीं अशा हजारों लहान धक्क्यांची वर्षानुवर्षांची बेरीज अधिक महत्त्वाची दिसते. २०१७ सालीं बॉस्टनच्या संशोधकांनीं तपासलेल्या व्यावसायिक खेळाडूंच्या १११ मेंदूंपैकीं ११० मेंदूंत हा विकार निघाला.

हा आंकडा जगभर गाजला आणि त्यानें पुष्कळांची झोंप उडविली. परंतु तो नीट वाचला पाहिजे. हे मेंदू अशा कुटुंबांनीं दान केलेले होते, ज्यांना आपल्या माणसांत कांहीं तरी बिघडल्याची आधींच शंका होती. त्यावरून सर्व खेळाडूंचें प्रमाण काढणें म्हणजे दवाखान्याच्या ओटीवर उभें राहून साऱ्या गांवाची शिरगणती करण्यासारखें आहे. २०२३ सालीं याच संशोधकांनीं वयाच्या तिशीच्या आंत वारलेल्या १५२ तरुण खेळाडूंच्या मेंदूंची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतील ६३ जणांत सी. टी. ई. आढळला, आणि त्यांपैकीं बहुसंख्य हौशी खेळाडू होते. ही बातमी गंभीर खरी. पण त्याच निबंधांत दुसरीहि एक गोष्ट होती, जिचा बोभाटा झाला नाहीं. उरलेल्या ८९ जणांच्या मेंदूंत हा विकार नव्हता, तरीहि औदासीन्य, विस्मरण, रागावर ताबा न राहणें हीं लक्षणें दोन्ही गटांत जवळजवळ सारखीच होतीं.

याचा अर्थ काय? डोकें दुखतें, मन खिन्न आहे, कांहीं आठवत नाहीं, एवढ्यावरून आपणांस तोच असाध्य विकार जडला आहे असें कोणाहि तरुणानें ठरवूं नये. जिवंत माणसांत त्या विकाराचें निश्चित निदान करणारी चाचणी आजमितीस नाहीं; तें मृत्यूनंतर मेंदू तपासूनच होतें. उलट, डोकेदुखी, निद्रानाश, चक्कर, मानेचें दुखणें, खिन्नता आणि चिंता यांचें निदान आज होतें व त्यांतल्या प्रत्येकावर उपायहि आहे. परदेशांत या भीतीपायीं कित्येक तरुण हताश होऊन बसले आहेत. आतां सारें संपलेंच, मग औषध कशाला, अशी त्यांची भाषा असते. ज्याचा इलाज होत नाहीं त्याच्या धास्तीनें, ज्याचा होतो तेंहि अंगावर काढावयाचें, हा मला या दुखण्यांतला सर्वांत वाईट तोटा वाटतो. आणि खिन्नता गडद होऊन जीव नकोसा झाल्याचें कोणी बोलूं लागला, तर तें पोरकट बोलणें समजूं नये. त्याच दिवशीं त्याला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे न्यावें आणि एकटें सोडूं नये.

उपायांच्या बाबतींत वैद्यांचें मत गेल्या कांहीं वर्षांत पुष्कळच बदललें आहे. पूर्वीं अशा मुलास अंधाऱ्या खोलींत निजवून ठेवीत. वाचणें नाहीं, बोलणें नाहीं, खिडक्या बंद. २०१५ सालीं अमेरिकेंत ११ ते २२ वर्षांच्या रुग्णांवर एक प्रयोग झाला. कांहींना पांच दिवस सक्त विश्रांति दिली, तर इतरांस एक-दोन दिवस विश्रांति देऊन मग हळूहळू कामास लावलें. सक्त विश्रांति घेतलेल्यांनींच अधिक त्रास सांगितला. २०१९ सालीं बफेलो येथें डॉ. जॉन लेडी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १०३ किशोरवयीन खेळाडूंवर प्रयोग केला. डोकें फारसें न दुखूं देतां बेतानें चालण्या-पळण्याचा व्यायाम करणारीं मुलें साधारण १३ दिवसांत बरीं झालीं, आणि नुसतें अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्या मुलांस १७ दिवस लागले. आतां सर्वसाधारण सल्ला असा आहे: पहिले एक-दोन दिवस आराम, पण कोंडून घालणें नाहीं, नंतर हलकें चालणें, मग पायरीपायरीनें अभ्यास आणि सर्वांत शेवटीं खेळ. पूर्ण वेळ शाळा सोसूं लागल्यावांचून मैदानावरच्या धडका-चकमकींस परवानगी नाहीं, हा क्रम मला अत्यंत शहाणपणाचा वाटतो, आणि पुष्कळ पालकांस तो मनापासून आवडेल अशीहि माझी खात्री आहे!

ज्यांचा त्रास महिनोन्महिने रेंगाळला आहे, त्यांच्या बाबतींत एकच औषध नसतें. कारण दुखणें एक दिसलें तरी त्याचीं मुळें अनेक असतात. चक्कर येत असेल तर तोल सांभाळणाऱ्या आंतल्या कानासाठीं वेगळे व्यायाम असतात. ते शिकविणारे फिजिओथेरपिस्ट मोठ्या शहरांतून मिळतात. डोकेदुखीचें मूळ कित्येकदां मानेंत असतें, आणि मान सुधारली म्हणजे डोकें उतरतें. डोळे एका जागीं जुळत नसतील तर त्यांचेहि व्यायाम आहेत. येथें एक इशारा मुद्दाम देतों. डोकेदुखीची गोळी महिन्यांतून दहा-पंधरा दिवस किंवा त्याहून अधिक घेतली जाऊं लागली, म्हणजे ती गोळीच डोकेदुखी चालू ठेवते. आपल्या घरांतून अशा गोळ्या डब्यांत शेंगदाणे ठेवावे तशा ठेवलेल्या असतात. झोंपेची वेळ ठरलेली असावी. दारूपासून तर दूरच राहावें, कारण शिणलेल्या मेंदूस ती थोडकीहि पुरते.

उरलें तें रोजच्या शक्तीचें अंदाजपत्रक. ज्या घरांत पगार बेताचा असतो, तेथें गृहिणी पहिल्या तारखेसच किराणा, भाडें आणि शाळेची फी यांच्या वाटण्या करून ठेवते. या रुग्णासहि तसेंच करावें लागतें. सकाळीं मेंदू ताजा असतां अवघड अभ्यास. मध्यें, डोकें दुखूं लागण्यापूर्वींच, दहा-पंधरा मिनिटांची विसांव्याची जागा. ज्या दिवशीं सायंकाळीं कोणाचा वाढदिवस असेल, त्या दिवशीं दुपारचा क्लास नाहीं. बरें वाटलें त्या दिवशीं चार दिवसांचें काम उरकून टाकण्याचा मोह फार होतो. तें म्हणजे ऋण काढून सण. पुढचे तीन दिवस अंथरुणांत फेडावे लागतात. परंतु खर्चाच्या भीतीनें सारेंच व्यवहार बंद ठेवणेंहि तितकेंच घातक. दर आठवड्यास थोडें थोडें वाढवीत गेलें, म्हणजे पुष्कळांची मर्यादा पुढें सरकते. शिक्षकांस आधीं सांगून ठेवलें तर मागल्या बांकावरच्या दिव्याखालीं बसण्याऐवजीं शांत कोपरा मिळणें, लेखी काम टप्प्याटप्प्यानें देणें, एवढ्या सवलती बहुतेक शाळांत मिळूं शकतात. मागितल्या मात्र पाहिजेत.

महाराष्ट्रांत रग्बी किंवा अमेरिकन फुटबॉल घरोघर खेळला जात नाहीं, हें खरें. पण कबड्डींत चढाई करणाऱ्याचें डोकें पकड करणाऱ्याच्या गुडघ्यावर आदळतें. आणि दहीहंडीच्या सरावांत वरच्या थरावरचें पोर एकाच महिन्यांत कितीदां पडतें याची नोंद मंडळाच्या वहींत सहसा नसते. जानेवारी २०२० मध्यें मुंबईच्या वानखेडे मैदानावर ऋषभ पंत याच्या शिरस्त्राणास चेंडू लागला, तेव्हां त्याला यष्टिरक्षणास उतरूं दिलें नाहीं, आणि पुढचा राजकोटचा सामनाहि तो खेळला नाहीं. २०१९ पासून आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्यें हादरा बसलेल्या खेळाडूच्या जागीं दुसरा पूर्ण खेळाडू घेण्याची सोय आहे. शिवाजी पार्कवरच्या मुलांच्या सामन्यांत पंचांनीं तेवढाच कडकपणा कां दाखवूं नये?

डोक्यास मार लागल्यावर वारंवार उलटी होणें, डोकेदुखी वाढत जाणें, जागें करूनहि नीट जागें न होणें, आंकडी येणें, हातापायांतली शक्ति जाणें, एका डोळ्याची बाहुली दुसरीहून मोठी दिसणें, नाका-कानांतून पाणी किंवा रक्त येणें, यांतलें एकहि चिन्ह दिसलें तर क्षणाचाहि विलंब न लावतां इस्पितळ गांठावें. यांतलें कांहीं नसलें तरी त्या दिवशीं पुन्हां खेळूं देऊं नये. आणि ज्यांच्या घरीं असा एखादा जुना खेळाडू डोकें धरून बसत असेल, त्यांनीं डॉक्टरांकडे जातांना एक वही न्यावी. तींत आजवरचा प्रत्येक हादरा लिहावा: केव्हां, कोणत्या खेळांत, कसा लागला, त्यानंतर किती दिवस शाळा बुडली, किती दिवसांनीं पुन्हां खेळण्यास गेला. त्याच्या जुन्या सोबत्यांस विचारलें, तर त्याला स्वतःला न आठवणारे एक-दोन प्रसंग हटकून निघतात. तारीख सांगतां येत नसेल तर इयत्ता लिहावी. डॉक्टरांचें काम तेवढ्यानेंहि भागतें.